पाळकाचा पोरका मुलगा आणि लाकडी ठोकळे

नाताळ जवळ आला, लेकराचा बाप्तिस्मा झाला किंवा पहिला वाढदिवस आला की घरोघरी खेळणी येतात. बटण दाबले की गाणारी मोटार येते, टाळ्या वाजवणारे माकड येते, दिवे लागणारे विमान येते. मूल दोन दिवस त्यांच्याकडे पाहते. तिसऱ्या दिवशी खेळणे कोपऱ्यात पडते आणि मूल स्वयंपाकघरात जाऊन वाटी आणि डब्याचे झाकण घेऊन बसते. आईला वाटते, पैसे वाया गेले. परंतु मुलाला वाटीच का आवडली, हा विचार आपण सहसा करीत नाही. ज्यांनी तो विचार आयुष्यभर केला ते फ्रीड्रिख फ्रोबेल एका पाळकाचे पुत्र होते. बालोद्यान, म्हणजे ज्याला जग किंडरगार्टन म्हणते, त्याचे ते संस्थापक. त्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांतील आईबापांनी आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी जाणून घ्यावे असे आहे.

पाळकाच्या घरातील एकटे मूल

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात, डोंगराळ भागातील ओबरवाइसबाख या गावी 21 एप्रिल 1782 रोजी फ्रीड्रिखचा जन्म झाला. वडील योहान याकोब हे लूथरन मंडळीचे पाळक. सहासात खेड्यांत पसरलेली सुमारे पाच हजार माणसांची मंडळी त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होती. मूल नऊ महिन्यांचे असतानाच आई वारली. वडील सेवाकार्यात बुडालेले. घरात नोकरमाणसे आणि थोरली भावंडे यांच्या हातांवर हे मूल कसेबसे वाढले.

पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. नवी आई सुरुवातीला फ्रीड्रिखशी प्रेमाने वागली आणि त्यानेही आपले सारे मन तिला दिले. पण तिला स्वतःचा मुलगा झाला आणि सगळे बदलले. जर्मन भाषेत आपल्या माणसाला हाक मारण्याची एक रीत आहे आणि परक्याशी बोलण्याची दुसरी. सावत्र आईने त्याच्याशी परकेपणाच्या रीतीने बोलण्यास सुरुवात केली. एवढाच एक शब्द बदलला, पण तो घाव फ्रोबेल म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत.

पाळकाच्या घराभोवती भिंती आणि कुंपण होते, आणि मुलाला अंगणाबाहेर जाण्याची परवानगी नव्हती. वडिलांनी त्याला वाचायला शिकवले, पण ते जड गेले. मुलगा मठ्ठ आहे असे त्यांचे मत झाले. गावच्या मुलांच्या शाळेऐवजी त्याला मुलींच्या शाळेत बसवण्यात आले. बागेतील तण काढणे, फुले न्याहाळणे, खडे गोळा करणे हाच त्याचा सोबती. येथे कोणाला दोष द्यावयाचा नाही. वडील प्रामाणिक सेवक होते. परंतु पाच हजार मेंढरांची काळजी वाहताना स्वतःच्या अंगणातले कोकरू उपाशी राहू शकते, ही गोष्ट आपल्यापैकी पाळकांना आणि मंडळीच्या कामात दिवसरात्र धावणाऱ्या वडीलजनांना अंतर्मुख करणारी आहे.

दहाव्या वर्षी देवाने दार उघडले. श्टाटइल्म येथे मंडळीचे वरिष्ठ अधिकारी असलेले मामा, हॉफमन, त्याला आपल्या घरी घेऊन गेले. तेथे त्याला मोकळीक मिळाली, विश्वास मिळाला, खेळायला सवंगडी मिळाले. आपण पळण्या-उड्या मारण्यात इतर मुलांच्या मागे आहोत हे त्याच्या तेथेच लक्षात आले. हाताला आणि पायाला लहानपणीच काम मिळाले नाही तर पुढे काय होते, हे त्याने स्वतःच्या अंगावर अनुभवले.

वाट शोधता शोधता

पुढील पंधरा-वीस वर्षे धडपडीची गेली. पंधराव्या वर्षी एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, 1799 मध्ये येना विद्यापीठ, आणि तेथे थोड्याशा कर्जापायी विद्यापीठाच्याच कोठडीत काही आठवडे कैद. 1802 मध्ये वडील वारले. त्याआधी बापलेकांचा समेट झाला होता, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

1805 मध्ये ते घरबांधणीची विद्या शिकण्यासाठी फ्रँकफुर्टला गेले. तेथील एका शाळेचे प्रमुख ग्रूनर यांनी त्यांना ओळखले आणि शिक्षक होण्यास सुचवले. वर्गात उभे राहताच आपण जन्मभर जे शोधत होतो ते हेच, असे फ्रोबेल यांना वाटले. नंतर 1808 ते 1810 ही दोन वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये इवरदाँ येथे थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्तलॉत्सी यांच्याजवळ काढली. मूल ऐकून नव्हे तर पाहून, हाताळून आणि करून शिकते, हा धडा तेथे पक्का झाला.

1813 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक म्हणून गेले. छावणीत त्यांना मिडेनडॉर्फ आणि लांगेताल हे धर्मशास्त्राचे दोन तरुण विद्यार्थी भेटले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. युद्धानंतर बर्लिनला खनिजांच्या संग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. तेथे स्फटिकांकडे पाहताना त्यांच्या मनात एक विचार रुजला. निर्जीव दगडसुद्धा देवाने घालून दिलेल्या नियमाने, घन आणि कोन धरून वाढतो; मग मुलाच्या वाढीलाही असाच नियम असला पाहिजे. पुढच्या लाकडी ठोकळ्यांचे बीज येथे आहे.

त्याच सुमारास त्यांचा भाऊ क्रिस्टोफ, तोही पाळकच, रुग्णांच्या सेवेत ज्वराने मरण पावला. त्याची विधवा आणि तीन मुले मागे राहिली. फ्रोबेल यांनी चांगली नोकरी सोडली आणि 1816 मध्ये पाच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. पुढच्याच वर्षी ती कायल्हाउ या खेड्यात नेली. 1826 मध्ये मानवाच्या शिक्षणावरचा त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला.

देणग्यांची पेटी

शाळा चालवताना त्यांच्या ध्यानात आले की सातव्या वर्षी शाळेत येणाऱ्या मुलाचे बरेच काही आधीच घडून किंवा बिघडून गेलेले असते. म्हणून त्यांनी पन्नाशी उलटल्यावर आपले लक्ष आईच्या मांडीवरील मुलाकडे वळवले. 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांच्या खेळासाठी संस्था काढली, आणि 28 जून 1840 रोजी तिला बालोद्यान हे नाव दिले. मुले ही रोपटी, शिक्षिका ही माळीण, आणि वाढ देणारा देव, असा त्या नावामागचा भाव होता.

त्यांनी तयार केलेल्या खेळण्यांना ते देणग्या म्हणत. देव आपल्याला देतो आणि आपण ते हाताने वापरून त्याचे गौरव करतो, हा अर्थ त्यात होता.

पहिली देणगी म्हणजे लोकरीने मढवलेले सहा मऊ चेंडू: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा. हा चेंडू तान्ह्याच्या मुठीत मावतो. मूल तो धरते, सोडते, आई तो दोरीने हलवते, लपवते आणि पुन्हा दाखवते. दुसरी देणगी लाकडाची: गोल, घन आणि लाटण्यासारखा वृत्तचिती. गोल घरंगळतो, घन जागेवर बसतो, आणि तिसऱ्याला दोन्ही येते. तिसरी देणगी म्हणजे एक घन, पण आठ लहान घनांत विभागलेला. प्रत्येक ठोकळा एक इंच लांब, रुंद आणि उंच. चौथ्या देणगीत आठ विटा. पाचवी आणि सहावी याहून गुंतागुंतीची. त्यापुढे पातळ फळ्या, काड्या, कड्या आणि बिया येतात. शिवाय कागदाची घडी घालणे, कागदी पट्ट्यांची चटई विणणे, माती मळून आकार करणे, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून घर बांधणे असे उद्योग.

ठोकळ्यांची पेटी देण्याचीही रीत होती. पेटी पालथी घालावी, सरकते झाकण ओढावे आणि पेटी वर उचलावी, म्हणजे मुलासमोर पूर्ण घन उभा राहतो. मुलाने तो मोडावा, खुर्ची, पूल, देऊळ, काय हवे ते रचावे, आणि खेळ संपल्यावर पुन्हा पूर्ण घन करून पेटीत ठेवावा. मोडणे, घडवणे आणि जागच्या जागी ठेवणे हे तिन्ही त्यात आले. खेळणे स्वतः काही करीत नाही. सारे मुलाच्या हाताला करावे लागते. वाटी-झाकणाचे रहस्य हेच.

1844 मध्ये त्यांनी आयांसाठी बोटांच्या खेळांचे आणि गाण्यांचे सचित्र पुस्तक काढले. म्हणजे पहिले खेळणे विकत घ्यावेच लागत नाही. ते आईच्या हाताला जन्मतः पाच-पाच मिळालेले आहे.

बंदी

लोकांनी आधी त्यांना हसून घेतले. लहान पोरांबरोबर गोल फेर धरून नाचणारा हा म्हातारा वेडा आहे असे म्हणत. पण खरा घाव 7 ऑगस्ट 1851 रोजी बसला. प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. आरोप होता नास्तिकतेचा आणि समाजसत्तावादाचा. त्यांचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याने लिहिलेल्या एका पुस्तिकेचा ठपका काकांवर आला होता. फ्रोबेल यांनी खुलासा केला, अर्ज केले, पण बंदी उठली नाही. ज्याने मुलाच्या हातातील चेंडूतही निर्माणकर्त्याची खूण पाहिली, त्यालाच देव न मानणारा ठरवण्यात आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फ्रोबेल यांची सर्व मते आपल्या विश्वासाशी जुळतीलच असे नाही. मुलाच्या स्वभावातील चांगुलपणावर त्यांचा फार भर होता आणि पापाविषयी ते कमी बोलत. परंतु मतभेद असणे वेगळे आणि चौकशी न करता नास्तिक ठरवणे वेगळे. मंडळीच्या सभांत आपणही नावावरून आणि नात्यावरून कितीदा निकाल देतो!

बंदीनंतर वर्ष पुरे होण्याआधी, 21 जून 1852 रोजी मारियेनताल येथे ते प्रभूमध्ये निजले. मिडेनडॉर्फ शेवटपर्यंत जवळ होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की अखेरच्या दिवसांत फ्रोबेल यांनी आपल्या बाप्तिस्म्याच्या वेळचे पत्र मागवून वाचून घेतले. सरकारी कागदाने ज्याला नास्तिक म्हटले, त्याने दुसरा, जुना कागद हाती धरला. श्वाइना येथील त्यांच्या कबरेवर घन, वृत्तचिती आणि गोल एकावर एक ठेवलेले आहेत. 1860 मध्ये बंदी उठली.

बीज दूरवर पडले

त्यांच्या शिष्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, हे काम देशोदेशी नेले. 1856 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात मार्गारेटे शुर्झ यांनी तेथील पहिले बालोद्यान काढले. त्या देशातील थोर वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने 1876 च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात या देणग्या पाहून मुलासाठी आणल्या. त्या ठोकळ्यांचा स्पर्श म्हातारपणीही आपल्या बोटांत आहे असे ते सांगत. आणि त्याच फिलाडेल्फियात 1886 नंतर आपल्या पंडिता रमाबाई यांनी बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. मायदेशी परतून 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. अनाथ पाळकपुत्राचे काम असे आपल्या दारापर्यंत आले आहे.

आपल्या घरासाठी

फ्रोबेल यांच्यानंतर मुलांच्या वाढीचा पुष्कळ अभ्यास झाला. काही बाबतीत तो त्यांच्याशी जुळतो. आजही डॉक्टर मुलाच्या हाताची वाढ पाहताना एक इंची ठोकळे वापरतात. साधारणपणे सहाव्या महिन्यात मूल सबंध पंजाने वस्तू धरते आणि एका हातातून दुसऱ्या हातात घेते. नऊदहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा उचलू लागते. वर्षाच्या सुमारास वस्तू डब्यात टाकणे जमते. दीड वर्षाचे मूल तीन-चार ठोकळ्यांचा मनोरा रचते, दोन वर्षांचे सहा ठोकळ्यांचा. प्रत्येक मूल थोडे मागेपुढे असते, म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून चिंता करू नये. फार मागे वाटल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.

काही बाबतीत त्यांच्या पद्धतीत सुधारणा झाली. टोचकाम आणि बारीक शिवण लहान मुलांच्या बोटांना व डोळ्यांना ताण देते, आधी दंड आणि पंजाचे मोठे स्नायू वापरू द्यावेत, अशी टीका पुढे झाली आणि ती मानण्यात आली. तसेच लांब दोरीचे खेळणे पाळण्यात सोडू नये, गळ्याला फास बसू शकतो. तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडात मावेल अशी बी, मणी, गोटी, लोहचुंबक किंवा बटणासारखा चपटा सेल हाती देऊ नये. भिजवलेल्या वाटाण्यांचा खेळ मोठ्या मुलांसाठीच ठेवावा.

बाकी खर्च फार नाही. तान्ह्याला कापडी चेंडू आणि खुळखुळा. वर्षाच्या मुलाला एकात एक बसणाऱ्या वाट्या आणि झाकणाचा डबा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला सुताराकडून गुळगुळीत घासून घेतलेले, रंग न दिलेले ठोकळे आणि कणकेचा गोळा. सावंतवाडी किंवा गोकाकची लाकडी खेळणी घेतली तर रंग तोंडात जाण्यास निर्धोक आहे ना, हे विचारून घ्यावे. शब्बाथशाळेच्या शिशुवर्गात नोहाचे तारू नुसते सांगण्यापेक्षा मुलांना ठोकळ्यांनी बांधू द्यावे.

आणि या सर्वांहून मोठी देणगी म्हणजे मुलाबरोबर जमिनीवर बसणारे माणूस. नऊ महिन्यांचा फ्रीड्रिख खेळण्यांअभावी नव्हे, मांडीअभावी पोरका झाला होता. आपल्या प्रभूने कामाच्या गर्दीत लेकरांना दूर लोटले नाही. त्यांना कवेत घेतले आणि त्यांच्यावर हात ठेवले. या नाताळात आपल्या घरी खेळणे येईल तेव्हा त्याच्याबरोबर आपलाही अर्धा तास दररोज मुलाला मिळो, हीच प्रार्थना.