शिरोड्याचे शिक्षक विष्णु सखाराम खांडेकर

वेंगुर्ले तालुक्यांत रेडीच्या शेजारींच शिरोडें गांव आहे. मिठागरांच्या या गांवीं १९२० सालीं बावीस वर्षांचे खांडेकर शाळेंत शिक्षक म्हणून आले. त्यांचा जन्म सांगलीचा, मूळ नांव गणेश. वडील लवकर वारले. पुढें चुलत्यास दत्तक गेल्यावर नांवही बदललें. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकत होते, पण पैशाअभावीं तें शिक्षण अर्धेंच राहिलें.

खेड्यांतील शाळेचा पगार तो कितीसा असणार! तरी ते तेथें १८ वर्षें राहिले. १९२९ सालीं विवाह झाला आणि संसारही तेथेंच मांडला. मुलांस शिकवून उरलेल्या वेळांत ते लिहीत. १९३४ सालची ‘उल्का’ ही कादंबरी एका ध्येयवादी शिक्षकाच्या मुलीची आहे. शिक्षकाच्या घरची ओढाताण त्यांस कोणी सांगावयास नको होती.

१९३६ सालीं त्यांच्या कथेवरून ‘छाया’ हा बोलपट निघाला, आणि १९३८ सालीं शाळा सोडून ते कोल्हापुरास गेले. त्यांनीं ध्येय सोडलें असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. घरीं संसार वाढत असतां बापानें मिळकतीकडे पाहणें हें कर्तव्यच होय.

१९५८ सालीं पत्नी निवर्तल्या. पुढल्याच वर्षीं ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. मुलापाशीं त्याचें तारुण्य मागणाऱ्या बापाची ही कथा! तिजमुळें मराठीस पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तोंवर खांडेकरांची दृष्टि गेली होती. ते मजकूर सांगत व दुसरे लिहून घेत. १९७६ च्या सप्टेंबरांत ते वारले.