एका दिवसासाठी इंदूरचा महाराजा झालेला स्कॉटिश माणूस, ज्याने सांगितलं की शहराचा नकाशा लोकांना विचारून काढा

इंदूरच्या गल्लीबोळांतून एक म्हातारा गोरा साहेब रोज पायी फिरायचा. अस्ताव्यस्त दाढी, विस्कटलेले केस आणि हातात शहराचा नकाशा.

लोक त्याला बघून दारं लावून घ्यायचे.

कारणही तसंच होतं. शहरात प्लेगची दहशत होती. नकाशा घेतलेला साहेब गल्लीत आला की मागून घरं पाडणारे येतात, हा त्या काळातला अनुभव होता. त्यामुळे हा म्हाताराच प्लेग घेऊन येतो, असंही लोक बोलायचे.

त्या म्हाताऱ्याचं नाव सर पॅट्रिक गेडिस. आणि गंमत म्हणजे, लोकांची घरं पाडू नका, हे सांगण्यासाठीच तो फिरत होता.

आज नवीन शहर वसवायचं असो की जुन्याचा विकास आराखडा करायचा असो, नागरिकांचा सहभाग हा शब्द हमखास ऐकायला मिळतो. पण शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट वेडेपणाची वाटायची. तो वेडेपणा गेडिस यांनी आयुष्यभर केला.

मुळात ते नगररचनाकार नव्हतेच

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. वडील सैन्यातले. लहानपण गेलं पर्थ नावाच्या गावात. वडिलांबरोबर टेकडीवर जायचं आणि वरून खालचं गाव, नदी, शेतं बघायची, ही सवय तिथेच लागली.

पुढे ते लंडनला गेले आणि टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. करिअर प्रयोगशाळेत होणार हे जवळपास ठरलं होतं.

पण १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. अनेक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. नंतर दिसायला लागलं, पण डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. तासन् तास सूक्ष्मदर्शकात बघणं आता जमणार नव्हतं.

मग त्यांनी नजर वळवली ती माणसांच्या वस्त्यांकडे. झाड जसं माती, पाणी आणि हवामानातून घडतं, तसं शहर तिथली जागा, तिथली कामं आणि तिथले लोक यांच्यातून घडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे डंडी इथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण जीव अडकला होता शहरांमध्ये.

बायकोला घेऊन थेट झोपडपट्टीत राहायला गेले

१८८६ मध्ये त्यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. प्राध्यापक माणूस चांगल्या वस्तीत घर घेईल असं कुणालाही वाटेल. पण हे जोडपं एडिनबरोच्या जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या, घाणेरड्या वाड्यात राहायला गेलं. श्रीमंतांनी तो भाग कधीच सोडला होता. तिथं उरले होते ते गरीब.

दोघांनी आधी स्वतः झाडू हातात घेतला. भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडं ठेवली. हळूहळू शेजारीही सामील झाले. जे पार कोसळायला आलं होतं तेवढंच पाडलं आणि त्या मोकळ्या जागेत बागा केल्या.

१८९२ मध्ये त्यांनी एडिनबरोतली एक उंच इमारत ताब्यात घेतली आणि तिला आउटलुक टॉवर केलं. वर गेलं की आरशांच्या मदतीने आख्खं शहर पांढऱ्या टेबलावर हलताना दिसायचं. खालच्या मजल्यांवर शहराची, देशाची आणि जगाची माहिती मांडलेली असायची. सामान्य माणसाने आपलं शहर आधी नीट बघावं, मग त्याच्या भविष्याबद्दल बोलावं, हा त्यामागचा विचार होता.

प्रदर्शन समुद्रात बुडालं, तरी भारतात आलेच

शहरांचे नकाशे, चित्रं आणि आराखडे जमवून गेडिस यांनी एक मोठं फिरतं प्रदर्शन उभं केलं होतं. १९१४ मध्ये ते भारतात यायचं ठरलं. गेडिस पोहोचले, पण प्रदर्शन पोहोचलंच नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. ज्या जहाजात हे सामान होतं ते जहाज जर्मनीच्या एम्डन या युद्धनौकेने बुडवलं.

वर्षानुवर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. तरी मित्रांनी धावपळ करून नवीन साहित्य जमवलं आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलं.

त्या वेळी भारतातली परिस्थिती काय होती? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे इतर शहरांतही तसाच कारभार सुरू झाला. दाट वस्तीत हवा आणि उजेड खेळावा म्हणून सरळ, रुंद रस्ते काढायचे आणि मध्ये येणारी घरं पाडायची, अशी पद्धत होती.

पण घर पडलेला माणूस जाणार कुठे? तो शेजारच्या गल्लीत भाड्याने राहायचा. म्हणजे एका ठिकाणची गर्दी उचलून दुसरीकडे टाकली जायची आणि तिथला प्रश्न दुप्पट व्हायचा.

गेडिस यांचा उपाय वेगळा होता. डॉक्टर जसा गरज असेल तेवढाच छेद घेतो, तसं शहराचं ऑपरेशन करा, असं ते सांगायचे. यासाठी गल्ली न् गल्ली पायी फिरायची. पडकी घरं आणि रिकामे कोपरे नकाशावर टिपायचे. तेवढेच मोकळे करून एकमेकांना जोडायचे. तिथे झाड लावायचं, पार बांधायचा, विहीर साफ करायची. यात खर्चही कमी व्हायचा आणि बेघर होणारी माणसंही कमी असायची.

तलावांबाबतही तसंच. डास होतात म्हणून तलाव बुजवायचं खूळ तेव्हा जोरात होतं. जीवशास्त्रज्ञ गेडिस म्हणायचे, तलाव साफ ठेवा, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील.

आणि मग इंदूरची ती दिवाळी

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्यासाठी भयंकर होतं. मोठा मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲना भारतात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा गेल्याची बातमी गेडिस यांनी त्यांना सांगितलीच नाही. काही आठवड्यांत ॲनाही गेल्या.

या दुःखातून सावरताना त्यांनी इंदूरचं काम हाती घेतलं. होळकरांचं संस्थान, गादीवर तिसरे तुकोजीराव. आराखडा करायचा तर लोकांशी बोलायला हवं आणि लोक तर दारं लावून घेत होते.

गेडिस यांनी दरबाराकडे अजब मागणी केली. मला एका दिवसासाठी महाराजा करा. दरबाराने ती मान्य केली.

मग दवंडी पिटली गेली. यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांनी सगळ्यात चांगली साफसफाई आणि घरांची डागडुजी केली असेल, त्याच मोहल्ल्यांतून ती जाईल. कचरा फुकट उचलून नेला जाईल.

झालं. आख्खं शहर कामाला लागलं. प्रत्येकाला मिरवणूक आपल्या दारावरून जायला हवी होती.

मिरवणुकीत रावण होता, राक्षसी डास होते आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता. त्यांच्यामागे सफाई कामगार चालत होते, स्वच्छ पांढरे कपडे घालून, गळ्यात हार घालून. एरवी ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्यांना त्या दिवशी मानाची जागा होती. मागच्या देखाव्यांमध्ये उद्याचं इंदूर कसं असेल ते दाखवलं होतं. लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली. शेवटी रावणासोबत उंदीरही जाळला.

ज्या म्हाताऱ्याला बघून दारं बंद व्हायची, त्याच्याशी आता लोक थांबून बोलायला लागले. १९१८ मध्ये गेडिस यांनी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल दिला. त्यातलं बरंच काही पुढे कागदावरच राहिलं, ही गोष्ट वेगळी.

मुंबईत खुर्ची, तेल अवीवमध्ये नवं शहर

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्रमुख झाले गेडिस. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला शिकायला गेले आणि १९२४ मध्ये तोच विभाग सांभाळायला लागले. पुढे भारतीय समाजशास्त्राचा पाया घुर्येंनी घातला.

१९२५ मध्ये गेडिस यांच्याकडे एक नवं शहर आलं, ते म्हणजे तेल अवीव. १९०९ मध्ये जाफा शहराच्या कडेला वाळूवर वसलेल्या या वस्तीत तेव्हा सुमारे ३४ हजार लोक होते. गेडिस यांनी आराखडा केला एक लाख लोकांसाठी.

मोठ्या रस्त्यांवर रहदारी ठेवली. आतल्या गल्ल्या मुद्दाम लहान ठेवल्या, म्हणजे बाहेरच्या गाड्या घुसणार नाहीत. घरांच्या चौकोनाच्या मधोमध बाग ठेवली, मुलांना खेळायला आणि शेजाऱ्यांना भेटायला. अशा सुमारे ६० बागा त्यांनी सुचवल्या होत्या. सगळ्या झाल्या नाहीत, दोन मजली घरांच्या जागी उंच इमारतीही आल्या, पण रस्ते आणि चौकोनांचा सांगाडा टिकला. २००३ मध्ये तेल अवीवच्या व्हाइट सिटीला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. आराखडा मागवला होता तेल अवीवच्या नगर प्रशासनाने. त्याच जमिनीला लागून सुमेल नावाचं अरब गाव होतं. १९४७-४८ च्या संघर्षात ते गाव रिकामं झालं. लोकांना विचारून शहर करायचं म्हटलं, तरी त्या लोकांमध्ये कोण मोजलं जाणार हे नकाशा काढणाऱ्याच्या हातात नसतं.

गेडिस यांच्या पद्धतीची हीच मर्यादा होती. ते लोकांचं ऐकायचे, पण ऐकायचंच असा कायदा नव्हता. इंदुरात दरबाराने हो म्हटलं म्हणून ती दिवाळी झाली. नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

१९३२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समधल्या माँपेलिए इथे त्यांचं निधन झालं.

आज महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि तो मसुदा नव्याने करावा लागला. म्हणजे जे गेडिस यांना महाराजाची परवानगी काढून करावं लागलं, ते आज साध्या अर्जावर करता येतं.

फक्त त्यासाठी आपल्या गल्लीचा नकाशा एकदा उघडून बघावा लागतो. आपल्या घरासमोरच्या मैदानावर त्यात कोणता रंग आहे, हे मुदत संपायच्या आत माहीत असायला हवं.