कवी कूपर आणि त्यांचे तीन ससे

चिंता करणारा मनुष्य विश्वासात उणा असतो, असे आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा सहज बोलले जाते. असे बोलण्यापूर्वी विल्यम कूपर या इंग्रज कवीचे चरित्र एकदा डोळ्यांपुढे आणावे.

कूपर यांचा जन्म १७३१ साली इंग्लंडमधील बर्कहॅम्स्टेड या गावी एका पाळकाच्या घरी झाला. ते सहा वर्षांचे होतात न होतात तोच आई वारली. पुढे वसतिशाळेत एका थोराड मुलाने त्यांचा असा छळ मांडला की, त्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहण्याचेही धैर्य त्यांना होत नसे. त्याच्या बुटांची बक्कले तेवढी ओळखीची झाली. ती भीती मनात घर करून राहिली. १७६३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये लेखनिकाची चांगली जागा चालून आली. पण त्यासाठी सरदारांच्या सभेपुढे परीक्षा द्यावयाची होती. त्या नुसत्या विचाराने त्यांचे मन ढासळले आणि त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. देवाच्या दयेने ते वाचले.

सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नथॅनिएल कॉटन यांच्या देखरेखीखाली ते सुमारे दीड वर्ष होते. तेथेच १७६४ साली रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचताना त्यांना तारणाचा आनंद लाभला. नंतर अन्विन कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १७६७ पासून ते श्रीमती मेरी अन्विन यांच्यासह ओल्नी गावी राहू लागले. एके काळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान असलेले जॉन न्यूटन तेथे पाळक होते. दोघांनी मिळून रचलेला गीतसंग्रह १७७९ साली निघाला. त्यातील साठांहून अधिक गीते कूपर यांची आहेत.

गोष्ट येथेच थांबती तर साक्ष द्यायला सोपी झाली असती. पण १७७३ साली आजार उलटला. देवाने आपल्याला टाकले आहे, ही समजूत मनात रुतली ती कायमची. ते उपासनेस जाईनात. न्यूटन यांनी त्यांना वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरी सांभाळले.

त्या काळी अशा दुखण्यावर खात्रीचे औषध नव्हते. मग १७७४ साली शेजाऱ्यांच्या मुलांकडून सशाचे एक पिलू त्यांच्याकडे आले आणि लवकरच तीन झाले: पस, टायनी आणि बेस. त्यांच्यासाठी कूपर यांनी स्वतः सुतारकाम करून खुराडी बनवली. पस आजारी पडला तेव्हा त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर तो रोज त्यांच्याबरोबर बागेत येऊ लागला. टायनी मात्र शेवटपर्यंत तुसडाच राहिला. पण त्याचीही निगा चुकली नाही. याशिवाय काचघरातील रोपे, काकडीचे वाफे, रोजचे फिरणे, मित्रांना पत्रे, असा दिवस आखलेला असे. श्रीमती अन्विन यांच्या आग्रहाने ते पुन्हा लिहू लागले आणि १७८५ साली त्यांचे ‘द टास्क’ हे दीर्घ काव्य प्रसिद्ध झाले.

भीती गेली का? नाही. १७८७ साली पुन्हा झटका आला. १७९६ साली श्रीमती अन्विन वारल्या आणि २५ एप्रिल १८०० रोजी ईस्ट डेरेहॅम येथे कूपर निराशेतच निवर्तले. मात्र त्या मधल्या वर्षांतले पुष्कळ दिवस त्यांनी कामाला लावले आणि त्यांची गीते आजही मंडळ्या गातात. ज्याला स्वतःला आशा धरता आली नाही, त्याच्यासाठी न्यूटन आणि श्रीमती अन्विन यांनी ती धरली.

आज अशा दुखण्यावर वैद्यकीय उपचार आहेत. ज्यांना डॉक्टरांनी औषध दिले असेल त्यांनी ते आपल्या मनाने सोडू नये. त्यात विश्वासाचा उणेपणा नाही. पण औषध चालू असो वा नसो, हाताला काम, ठरलेला दिनक्रम आणि न कंटाळणारे माणूस यांची गरज उरतेच.

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गात मान खाली घालून बसणारे एखादे मूल असेल. सर्वांपुढे उभे करून त्याच्याकडून वचन म्हणवून घेण्याची घाई करू नका. आधी कुंड्यांना पाणी घालायला त्याला बरोबर न्या.