समुद्राचा जामीनदार

मागच्या हिवाळ्यात तारकर्लीला नातवाने स्कूबासाठी समुद्रात उतरण्यापूर्वी एका कागदावर सही केली. काही बरेवाईट झाले तर जबाबदारी त्याची, एवढाच त्या कागदाचा मतलब. असले कागद लोकांपुढे सरकवण्यात माझी बँकेतली हयात गेली. त्यामुळे सवयीने मनात आले, या व्यवहारात जामीन कोण? आणि जे. बी. एस. हाल्डेन आठवले.

आपण त्यांना ओळखतो ते आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून. जन्म १८९२, ऑक्सफर्ड. वडील जॉन स्कॉट हाल्डेन शरीरक्रियाशास्त्राचे मोठे अभ्यासक. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. माणूस घाईने वर आला, की उघडलेल्या सोडा-बाटलीसारखे त्याचे बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो, प्रसंगी दगावतो. म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे कोष्टक वडिलांनी १९०८ साली प्रसिद्ध केले. त्याआधी, १९०६ मध्ये, स्कॉटलंडच्या समुद्रात त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही उतरवले होते. पोशाख ढगळ, पाणी आत शिरत राहिले. मुलगा थंडीने काकडत वर आला, पण धडा घेऊन आला. दुसऱ्याला ज्या धोक्यात घालायचे, तो आधी आपल्या अंगावर घ्यायचा.

जून १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळ चाचणीतच बुडाली. ९९ माणसे गेली. कामगार संघटनांसाठी हाल्डेन यांनी कारणांचा शोध घेतला, तो टेबलाशी बसून नव्हे. चार सोबत्यांसह ते हवाबंद पोलादी कोठीत शिरले आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जाताना काय होते, ते स्वतः सोसून पाहिले. पुढे युद्धात नौदलासाठी तेच काम चालले. दाबाखाली नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि प्राणवायूच विष होतो, हे त्यांनी स्वतःवर अजमावले. प्राणवायूने आलेल्या एका झटक्यात त्यांचे मणके चेपले. ती वेदना जन्मभर सोबत राहिली.

त्यांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. तोच हट्टी माणूस राजकीय निष्ठेपायी लायसेन्कोच्या भोंगळ विज्ञानाचा निःसंदिग्ध निषेध करायला कचरला. विज्ञानाच्या खात्यावर ही थकबाकी त्यांच्या नावे राहिलीच.

१९५७ साली ते भारतात आले, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला कर्करोगाने गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

वसुलीची वेळ आली की जामीनदार परगावी गेलेला असतो, हा आम्हा बँकवाल्यांचा अनुभव. इथे एकाने सगळी रक्कम आधीच, आपल्या हाडामांसात, चुकती केली होती.

नातू सावकाश वर आला. घाई करू नकोस, असे त्याला बजावण्यात आले होते. ते कोणामुळे, हे मी त्याला किनाऱ्यावर बसून सांगितले.