रंग चुकले, यंत्र गवसले

रत्नागिरी परिसरातील जत्रांत आकाशपाळण्याच्या मागे जुने डिझेल इंजिन धडधडत असायचे. हँडल मारून ते सुरू केले, की पट्ट्यावर जनित्र फिरे आणि दुकानांवरच्या दिव्यांच्या माळा उजळत. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा जोराने दाबली, की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. अशा अनेक इंजिनांवर ‘किर्लोस्कर’ ही पाटी असे. हे नाव यंत्रांशी जोडणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना आधी चित्रकार व्हायचे होते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रेखाटन उत्तम होते, पण रंगांत घोटाळा होऊ लागला. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे तीन प्रकार असतात. त्यांतला एक नीट काम करत नसेल, तर काही रंगांतला फरक कळत नाही. लाल-हिरव्या रंगांच्या जन्मजात दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषांत हे गुणसूत्र एकच असल्याने त्यांच्यात हा दोष जास्त आढळतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. मात्र दृष्टीची तीक्ष्णता सहसा शाबूत राहते.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेल्यावर राजीनामा देऊन ते बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे सुरुवातीला नांगर खपेनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा माळ दिला. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४६ मध्ये पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

जत्रेतल्या थ्री-फेज जनित्राच्या लाल, पिवळ्या, निळ्या वायरी जोडणाऱ्यालाही रंग नीट ओळखता यावे लागतात. रेल्वेचालक, वैमानिक अशा कामांत तर ही तपासणी सक्तीची असते. म्हणून मुलामुलींची दिशा ठरण्याआधीच, शाळेच्या वयात, ठिपक्यांतून आकडा ओळखण्याची इशिहारा चाचणी नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावी. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. दोष निघालाच, तर काही वाटा बंद होतील. पण सगळ्या नव्हेत, हे किर्लोस्करवाडीकडे पाहून कळते.