पायाला न बसलेले बूट

शर्यतीची गोष्ट सांगायची झाली की रविवारच्या शाळेतील शिक्षकांना अबेबे बिकिलाची आठवण होतेच. पण ती बहुधा अशी सांगितली जाते: आफ्रिकेतला एक गरीब शिपाई होता, त्याच्याजवळ बूट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून बिचारा अनवाणी धावला आणि जगात पहिला आला. मुले डोळे विस्फारून ऐकतात. मीही ती कित्येकदा अशीच सांगितली आहे. मात्र ती पुरती खरी नाही, आणि जी खरी आहे ती याहून सरस आहे. म्हणून आज ती जरा विस्ताराने सांगतो.

मिसरच्या दक्षिणेकडील मुलखाला पवित्र शास्त्रात कूश म्हटले आहे. त्याच दिशेला आणखी पुढे, उंच डोंगरपठारावर इथिओपिया देश आहे. तेथील जातो नावाच्या खेड्यात ७ ऑगस्ट १९३२ रोजी अबेबेचा जन्म झाला. योगायोग असा की नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत धावली जात होती. अबेबे हे त्याचे स्वतःचे नाव आणि बिकिला हे वडिलांचे. त्या देशात आडनाव नसते, नावापुढे बापाचे नाव लावतात. तेव्हा आपणही त्याला अबेबेच म्हणू.

घर साधे, गुरेमेंढरे राखणाऱ्यांचे. मूल तीन वर्षांचे झाले तोच १९३५ साली मुसोलिनीच्या इटलीने देशावर स्वारी केली. १९३६ साली सम्राट हैले सेलासी यांना देश सोडावा लागला, आणि पुढील पाच वर्षे इटालियन अंमल चालला. ती लढाई सरळ नव्हती. विमानांतून विषारी वायू टाकला गेला आणि त्यात खेडुतांचे हाल झाले. १९४१ साली हा अंमल उठला. त्या वर्षी शेजारच्या एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत जे हिंदी सैन्य लढले, त्यात मराठा पलटणीचे जवानही होते. बेळगावच्या वाचकांना ही गोष्ट नवी नसेल. अबेबे तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता.

वयाच्या विशीच्या सुमारास तो आदिस अबाबाला आला आणि सम्राटांच्या अंगरक्षक दलात शिपाई म्हणून भरती झाला. तेथेच त्याची ओन्नी निस्कानेन यांच्याशी गाठ पडली. हे गृहस्थ जन्माने फिनलंडचे, पण स्वीडनचे रहिवासी झालेले. १९४६ पासून ते इथिओपियात शिपायांना व्यायामाचे शिक्षण देत होते. त्यांनी अबेबेची धाव हेरली. आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा विरळ, चढउतार पुष्कळ. अशा हवेत रोज मैलोगणती धावणाऱ्याची छाती खालच्या मुलखात किती सहज चालेल याचा विचार वाचकांनीच करावा. अबेबे कधी बूट घालून धावे, कधी अनवाणी. लहानपणापासून तळवे टणक झालेलेच होते. पुढच्या हकीगतीत या गोष्टीला फार महत्त्व आहे.

१९६० सालचे ऑलिंपिक रोम शहरी भरले. आपल्याकडे ते वर्ष दोन दुःखांसाठी लक्षात राहिले. ६ सप्टेंबरला मिल्खासिंग चारशे मीटरच्या शर्यतीत चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. ९ सप्टेंबरला हॉकीच्या अंतिम सामन्यात आपला संघ पाकिस्तानकडून एका गोलने हरला. लगेच दुसऱ्या दिवशी, शनिवारी १० सप्टेंबरला, मॅरेथॉन होती. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर.

अबेबेकडे बूट होते. नव्हते असे नाही. परंतु जुने झिजले होते, आणि रोममध्ये मिळालेला नवा जोड पायाला नीट बसेना. ज्यांनी नवी वहाण घालून लग्नाच्या मांडवात दिवसभर पाहुण्यांची सरबराई केली आहे, त्यांना हे दुखणे सांगावयास नको. एखादा कोस चालायचे असते तर ठीक होते. सव्वीस मैल धावायचे, आणि पायाला फोड आला तर दहाव्या मैलावरच शर्यत संपायची. बूट कापून सैल करण्याची वेळ नव्हती, दुसरा जोड शोधण्याचीही नव्हती. मग अबेबेने आणि निस्कानेन यांनी ठरवले की बूट घालायचेच नाहीत. यात गाजावाजा काही झाला नाही, देवावर रुसवा नाही, कोणावर राग नाही. आपण अनवाणी धावू शकतो हे त्याला ठाऊक होते, कारण धावून पाहिले होते. अडचण ऐन वेळी आली, पण तिचे उत्तर काही ऐन वेळी सापडलेले नव्हते. मला वाटते, मुलांना सांगताना आपण नेमके हेच गाळतो.

दिवसाचे ऊन टाळावे म्हणून शर्यत सायंकाळी साडेपाचला सुरू झाली. सुरुवात कॅपिटोल टेकडीपाशी आणि शेवट कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी, म्हणजे दोन्ही टोके क्रीडांगणाबाहेर. वाटेचा बराचसा भाग जुन्या आप्पियन रस्त्याने जात होता. हा रोमन लोकांनी बांधलेला प्राचीन दगडी रस्ता. अनवाणी पायांना तो मऊ गालिचा खासच नव्हता. अंधार पडल्यावर इटालियन सैनिक दुतर्फा पेटत्या मशाली घेऊन उभे राहिले.

निम्मी वाट सरेपर्यंत बाकीचे मागे पडले आणि दोघेच पुढे राहिले, एक अबेबे आणि दुसरा मोरोक्कोचा राधी बेन अब्देसलाम. येथे आणखी एक कपड्यांचाच घोटाळा झाला होता. राधीवर नजर ठेव, त्याच्या छातीवर २६ क्रमांक असेल, असे अबेबेला बजावून ठेवले होते. पण राधीने आदल्या दहा हजार मीटरच्या शर्यतीतला १८५ हाच क्रमांक लावला होता. अबेबे २६ क्रमांकाचा माणूस पुढे कोठे दिसतो का हे पाहत राहिला, आणि तो माणूस तर त्याच्या खांद्याला खांदा लावून धावत होता! जो दिसत नाही तो पुढेच असणार, या समजुतीने त्याने पाय जराही सैल सोडला नाही. बुटांनी जे हिरावले ते या चुकीने काही अंशी परत दिले असे म्हटले तरी चालेल.

शेवटच्या टप्प्यात पोर्ता कापेना नावाचा चौक लागतो. त्या चौकात तेव्हा एक उंच दगडी स्तंभ उभा होता. तो रोमचा नव्हे. इथिओपियातील अक्सूम या प्राचीन राजधानीतून तो मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ साली उचलून आणला होता. सुमारे चोवीस मीटर उंचीची ही चीज तुकडे करून समुद्रमार्गे आणून विजयाची निशाणी म्हणून येथे रोवली होती. अबेबे आणि निस्कानेन यांनी शर्यतीची वाट आधी पाहून ठेवली होती. जोर करायचा तो या स्तंभापाशी, हे ठरवून टाकले होते. त्याप्रमाणे अबेबेने वेग वाढवला. राधी मागे पडला तो पडलाच. कमानीखाली अबेबे पोहोचला तेव्हा वेळ झाली होती दोन तास, पंधरा मिनिटे, सोळा सेकंद आणि वर एक पंचमांश. तोवर जगात मॅरेथॉन इतक्या कमी वेळात कोणीच धावले नव्हते. राधी पंचवीस सेकंदांनी आला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील काळ्या माणसाला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

त्याच्या लहानपणी ज्या देशाचे सैन्य त्याच्या देशात घुसले, त्याच देशाचे सैनिक त्याच देशाच्या राजधानीत हाती मशाली धरून त्याला वाट दाखवीत होते. याविषयी पुढे अनेकांनी अनेक टाळीची वाक्ये लिहिली. अबेबे स्वतः मितभाषी होता.

घरी परतल्यावर मानसन्मान झाले, बढती मिळाली. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात अंगरक्षक दलाच्या सेनापतीने सम्राटांविरुद्ध बंड केले. ते फसले, आणि दलातील माणूस म्हणून अबेबेलाही काही काळ अटकेत राहावे लागले. मग सुटका झाली. १९६१ साली त्याने अथेन्स, ओसाका आणि कोशित्से येथील मॅरेथॉन जिंकल्या. १९६३ साली बोस्टनला तो पाचवा आला.

मग १९६४ चे टोकियो. शर्यतीला जेमतेम पाच आठवडे उरले असता पोटात दुखू लागले आणि अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. आपल्यापैकी कोणी असते तर डॉक्टरांनी दोन महिने पाण्याची बादलीही उचलू दिली नसती. २१ ऑक्टोबरला अबेबे धावला, आणि या वेळी पायांत बूट होते, मोजेही होते. ज्यांना अनवाणी अबेबे पाहायचा होता त्यांची निराशा झाली असेल. अनवाणी धावणे हे त्याचे व्रत नव्हते. रोमला बूट बसेनात म्हणून काढले, टोकियोला बसले म्हणून घातले, इतकेच. दोन तास, बारा मिनिटे, अकरा सेकंद आणि वर एक पंचमांश, हा पुन्हा जागतिक उच्चांक. दुसरा आलेला इंग्रज धावपटू चार मिनिटांहून अधिक मागे होता. तो येईपर्यंत अबेबे मैदानातील हिरवळीवर पाय वर करून व्यायाम करीत होता. प्रेक्षक थक्क झाले. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला माणूस.

१९६८ साली मेक्सिकोला पाय दुखावलेलाच होता. सुमारे सतरा किलोमीटरांवर त्याने शर्यत सोडली. ती जिंकली त्याच्याच देशाच्या मामो वोल्देने.

२२ मार्च १९६९ च्या रात्री आदिस अबाबाजवळ त्याची मोटार उलटली. मणक्याला मार बसला. प्रथम मानेखाली काहीच हलेना. सम्राटांनी त्याला इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात पाठवले. तेथे हातांत जोर परत आला, पाय मात्र कायमचे गेले. वय अवघे छत्तीस. घरी पत्नी येवेब्दार आणि चार लेकरे.

बुटांची अडचण आणि ही अडचण यांची तुलना करणे बरे नव्हे. ती एका संध्याकाळची होती, ही जन्माची. तरीही चाकांच्या खुर्चीत बसल्यावर त्याने जे केले ते पाहिले की रोमची संध्याकाळ आठवतेच. जे उरले त्यात काय करता येईल ते त्याने पाहिले. हात उरले होते. तो धनुष्यबाण चालवायला शिकला, टेबल टेनिस खेळू लागला, आणि १९७० साली स्टोक मँडेव्हिल येथे भरणाऱ्या अपंगांच्या खेळांत उतरला. नॉर्वेत बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीतही त्याने भाग घेतला. उन्हाच्या देशातील माणूस, आणि बर्फावर!

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकला तो पाहुणा म्हणून गेला. खुर्चीत बसून मैदानात आला तेव्हा सारे क्रीडांगण टाळ्यांनी दुमदुमले. पुढल्या वर्षी, २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन त्याचे निधन झाले. वय एक्केचाळीस. आदिस अबाबातील सेंट जोसेफ चर्चच्या दफनभूमीत त्याला लष्करी मानाने पुरण्यात आले. सम्राट स्वतः उपस्थित होते.

पोर्ता कापेना चौकातील तो स्तंभ इटलीने २००५ साली इथिओपियाला परत केला, आणि २००८ साली तो अक्सूम येथे पुन्हा उभा राहिला. १९६० च्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे २०१० च्या मार्चमध्ये, रोमची मॅरेथॉन सिराज गेना नावाच्या इथिओपियन तरुणाने जिंकली. शेवट थोडाच उरला असता तो थांबला, त्याने पायांतले बूट काढले आणि उरलेली वाट अबेबेसाठी अनवाणी धावला. त्याचे बूट पायाला नीट बसत होते.