पिठाच्या धुळीतला आजार ओळखणारे रामाझ्झिनी

व्यवसायजन्य आजारांच्या वैद्यकशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांचा जन्म १६३३ मध्ये इटलीतील मोदेनाजवळच्या कार्पी येथे झाला. १६५९ मध्ये पार्मा येथून पदवी घेतल्यानंतर त्यांनी रोमजवळच्या प्रदेशात वैद्यकी केली. हिवतापामुळे त्यांना गावी परतावे लागले. १६८२ मध्ये ते मोदेना विद्यापीठात प्राध्यापक झाले.

घरातील शौचकूप उपसणारा मजूर विलक्षण घाई करीत असल्याचे पाहून त्यांनी त्याची विचारपूस केली. या कामाने दृष्टी जाते, असे त्याच्याकडून कळले. त्यानंतर रामाझ्झिनी स्वतः कामाच्या ठिकाणी जाऊन पाहणी करू लागले.

चाळीसहून अधिक व्यवसायांतील आजारांची नोंद करणारा त्यांचा ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणीत व भट्टीवर उडणारे पीठ श्वासाबरोबर आत जाऊन खोकला, धाप व दमा जडतो, असे त्यांनी त्यात नमूद केले. धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या मजुरांचे हालही त्यांनी मांडले. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

पिठातील प्रथिने आणि पावासाठी वापरले जाणारे अमायलेज हे विकर यांच्या अ‍ॅलर्जीतून हा दमा उद्‌भवतो, हे पुढे स्पष्ट झाले. सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होणे ही त्याची महत्त्वाची खूण होय. अमेरिकेतील मिसुरी राज्यात २००० मध्ये मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुप्फुसांचा गंभीर विकार जडल्याचे उघडकीस आले. लोण्याच्या कृत्रिम स्वादातील डायअसिटिल या रसायनाशी त्याचा संबंध आढळला.

बेंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी संगणक उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. तथापि तेथील कर्मचाऱ्यांच्या न्याहारीतील पाव आणि बिस्किटे यांमागेही पीठ मळणारे कामगार असतात. धूळ शोषणारी यंत्रणा, कोरड्या झाडूऐवजी ओली सफाई, योग्य मुखपट्टी आणि नियमित श्वसनतपासणी यांमुळे त्यांचा धोका कमी करता येतो.

उतारवयात रामाझ्झिनी यांची दृष्टी अधू झाली. तरीही १७१३ मध्ये त्यांनी ग्रंथाची वाढीव आवृत्ती काढली. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी पाडुआ येथे त्यांचे निधन झाले. धाप लागलेल्या कामगाराच्या आजाराचे मूळ आजही त्यांच्या त्याच साध्या प्रश्नातून उलगडू शकते.